चाव्याची साक्ष

साप चावला तर बहुधा दातांच्या खुणा दिसतात, आणि काय घडलें तें घरांतल्या लहान पोरालाहि कळतें. पण पिसू किंवा गोचीड चावली तर? अंगाला क्षणभर खाज सुटते, हात आपोआप तिकडे जातो आणि घटकाभरानें तें विसरलेंहि जातें. मग चार दिवसांनीं, कधीं कधीं चार महिन्यांनीं, माणूस आजारी पडतो. तेव्हां त्या क्षुल्लक चाव्याची आठवण कोणाला राहणार? आजाराचें खापर हवेवर, पाण्यावर, अन्नावर, नाहीं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांवर फोडलें जातें. चावा आणि आजार यांच्यामध्यें काळाचें जें अंतर असतें, तें ओलांडून एकाचा धागा दुसऱ्याशीं जोडून दाखविणें हें वैद्यकीय संशोधनांतील फार अवघड काम होय. तें काम जगांत ज्या थोड्या ठिकाणीं नमुनेदार रीतीनें झालें, त्यांत आपलें परळ आहे. आणि ज्यांनीं तें केलें, त्यांत विल्यम ग्लेन लिस्टन या डॉक्टरांचें नांव पुढें आहे. त्यांच्या कार्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एका विलक्षण तापाचे रोगी आढळले. काखेंत किंवा जांघेंत गांठ, जबर ताप, ग्लानि आणि थोड्याच दिवसांत मृत्यु. हा गांठीचा प्लेग आहे असें त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढें स्पष्ट सांगितलें. पुढील कांहीं महिन्यांत साथ शहरभर पसरली. गिरगांवांतल्या वाड्यांना कुलपें लागलीं, गिरण्यांतील मजूर कोंकणाची आणि देशाची वाट धरूं लागले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्यें ती ७,७६,००६ भरली. एरव्हीं वर्षागणिक वाढणारें हें शहर त्या दशकांत आटलें.

रोगाचा जंतु तोंवर अज्ञात राहिला नव्हता. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें येर्सें या शास्त्रज्ञानें तो शोधून काढला होता. पण जंतु कोणता हें कळणें एक, आणि तो माणसाच्या शरीरांत शिरतो कोणत्या वाटेनें हें कळणें अगदीं दुसरें. या दुसऱ्या प्रश्नाविषयीं सगळा अंधार होता. कोणी म्हणे, जंतु जमिनींत मुरतो आणि अनवाणी पायांच्या भेगांतून आंत जातो. कोणी म्हणे, तो धान्याबरोबर येतो. कोणी हवेला दोष देई, कोणी कपड्यांना, आणि बहुतेक सर्व अधिकारी गरिबांच्या घाणेरड्या राहणीला.

अंधारांत मारलेली काठी कोणाच्याहि पाठींत बसते, तसें मग झालें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्याला उचलून इस्पितळांत न्यावें, घरच्या मंडळींना छावणींत ठेवावें, कौलें काढून ऊन आंत घ्यावें, भिंतींना चुना मारावा, जमिनी कार्बोलिकनें धुवून काढाव्या, अंथरुणें-पांघरुणें जाळावीं, असा क्रम चालू झाला. पुण्यास या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँड यांच्या वधाच्या प्रसंगांत झाला; मुंबईंतहि १८९८ च्या मार्चांत दंगा उसळला. अधिकाऱ्यांना लोक अडाणी वाटत होते आणि लोकांना अधिकारी निर्दय. दोघांच्या मध्यें एक साधें सत्य पडून होतें. तें उचलण्यास कोणी वांकत नव्हतें.

तें सत्य चाळींतल्या लोकांना एका परीनें ठाऊक होतें. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, एवढें ते अनुभवानें शिकले होते. भिंतीच्या कडेला, माळ्यावर, मोरीपाशीं उंदीर झिंगत येऊन मरूं लागले, कीं शहाणा माणूस बोचकें बांधी. सरकारी कागदपत्रांतहि उंदरांच्या मृत्यूची नोंद होत होती. पण माणसाला जो रोग होतो तोच उंदरालाहि होतो, एवढाच तिचा अर्थ घेतला जाई. उंदीर हा आपल्यासारखाच एक रोगी. त्यापासून आपल्यापर्यंत पूल कोणता, हें कोणी सांगूं शकत नव्हतें.

तो पूल पहिल्यानें दाखविला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेनें त्यांना या देशांत पाठविलें होतें. त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणाऱ्या माणसाला पुष्कळदां प्लेग होई. तोच उंदीर मरून एक दिवस लोटल्यावर उचलला, तर बहुधा कांहीं होत नसे. जंतु दोन्ही वेळीं उंदरांत होतेच. मग फरक कशाचा? फरक होता पिसवांचा. उंदराचें शरीर गार पडलें कीं पिसवा तें सोडून जातात. शिवाय कित्येक रोग्यांच्या अंगावर, गांठीच्या बाजूला, एक बारीकसा फोड त्यांना दिसला. तो चाव्याच्या जागीं उठत असला पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें. २ जून १८९८ रोजीं कराचींतील एका हॉटेलांत त्यांनीं पिसवांनीं भरलेला एक प्लेगग्रस्त उंदीर कांचेच्या बरणींत ठेविला आणि एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यांत घालून जवळच सोडला. दोघांचा स्पर्श होण्यासारखा नव्हता. निरोगी उंदीर प्लेगनेंच मेला.

एवढ्यावर जगानें मान डोलवावयास हवी होती. पण तसें झालें नाहीं. प्लेगच्या चौकशीसाठीं नेमलेल्या सरकारी मंडळानें सिमों यांचा पुरावा अपुरा ठरविला. इतरांनीं तोच प्रयोग करून पाहिला तेव्हां त्यांना तसें फळ मिळालें नाहीं. शिवाय युरोपांतील कांहीं तज्ज्ञांनीं असा आक्षेप घेतला, कीं उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाहीं. आक्षेप वरवर बिनतोड होता, कारण युरोपांत उंदरांवर सामान्यतः आढळणारी पिसू माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीं. पण मुंबईच्या उंदरावर तीच पिसू असते काय, हें कोणीं पाहिलें होतें?

तें पाहिलें लिस्टन यांनीं. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी परळच्या प्लेग प्रयोगशाळेंत काम करीत होते. या प्रयोगशाळेचा जन्महि साथींतच झालेला. १८९६ च्या ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. पुढें काम वाढलें तेव्हां १८९९ मध्यें परळचें जुनें गव्हर्मेंट हाउस प्रयोगशाळेला मिळालें. जेथें पूर्वीं गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत, तेथें लसीच्या बाटल्या भरल्या जाऊं लागल्या. हाफकिन यांचा सारा भर माणसाला रोगापासून वांचविण्यावर होता. लिस्टन यांचें लक्ष रोग येतो त्या वाटेकडे लागलें.

त्यांच्या कामाची रीत साधी होती. मुंबईच्या उंदरांवरच्या पिसवा गोळा कराव्या, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांची जात ओळखावी, माणसांच्या अंगावर सांपडणाऱ्या पिसवांशीं त्या ताडून पाहाव्या. त्यांना असें दिसलें, कीं येथल्या उंदरांवर बहुतांशीं एका विशिष्ट जातीची पिसू असते. रॉथ्सचाइल्ड या कीटकशास्त्रज्ञानें १९०३ मध्यें सुदानांत सांपडलेल्या नमुन्यांवरून जिला 'केऑपिस' असें नांव दिलें, ती हीच. ही पिसू युरोपांतल्या उंदराच्या पिसवेहून निराळी. रूपानें माणसाच्या पिसवेच्या पुष्कळ जवळची. आणि उंदीर मिळेनासा झाला म्हणजे माणसाचें रक्त पिण्यास ती मागें-पुढें पाहात नाहीं. सिमों यांच्यावरचा मोठा आक्षेप या एका ओळखीनें गळून पडला. वाद तत्त्वाचा वाटत होता. खरें पाहतां तो पिसवेच्या जातीचा होता.

याच सुमारास, १९०३ मध्यें, भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील गिनीपिग मरूं लागले. तपासणींत प्लेग निघाला. गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला जीव. त्याच्या अंगावर येथें एरव्हीं पिसवा दिसत नसत. पण या मेलेल्या जनावरांवर उंदरांच्या पिसवा सांपडल्या. उंदीर मेले, पिसवा निराश्रित झाल्या, आणि जें ऊबदार अंग हातीं लागलें त्यावर चढल्या, असा याचा अर्थ होता. लिस्टन यांनीं त्यांतून एक युक्ति काढली. प्लेग झालेल्या घरांत त्यांनीं गिनीपिग मोकळे सोडले. ते पिसवांचे चालते-बोलते सांपळेच झाले. घरांत पिसवा किती आणि कोणत्या, हें त्यांच्या केसांतून मोजतां येऊं लागलें.

पुढची साक्ष एका चाळीची आहे. ६ एप्रिलच्या सुमारास त्या चाळींत उंदीर भराभर मरूं लागले. मग मरणें एकाएकीं थांबलें. ११ तारखेपासून रहिवाशांना पिसवांचा असह्य उपद्रव सुरू झाला; तो इतका, कीं खोल्या सोडून माणसें व्हरांड्यांत निजूं लागलीं. १७ तारखेस त्यांच्यापैकीं एकास प्लेग झाला, आणि त्याच दिवशीं शेजारच्या खोलींतहि एक जण आजारी पडला. लिस्टन यांनीं तेथील माणसांच्या अंगावरून ३० पिसवा जमविल्या. त्यांपैकीं १४ उंदराच्या होत्या. एरव्हीं, साथ नसतां, माणसांवरून जमविलेल्या २४६ पिसवांत त्यांना उंदराची पिसू अवघी एक मिळाली होती. आंकडे लहान आहेत, पण त्यांतला क्रम पाहा: आधीं उंदीर, मग पिसवा, मग माणूस. चाळकऱ्यांना त्यांतलें पहिलें आणि शेवटचें ठाऊक होतें. मधली कडी लिस्टन यांनीं जोडली.

१९०४ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं हा सर्व वृत्तांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढें वाचला. पक्षी, फुलपांखरें आणि साप यांची चर्चा करणाऱ्या त्या मंडळींत मनुष्यसंहारक रोगाचा उलगडा व्हावा, हें योग्यच होतें. कारण हा प्रश्न रोग्याच्या खाटेपाशीं सुटण्यासारखा नव्हता. तो प्राण्यांच्या राहणींत दडलेला होता.

तरीहि हें अनुमानच होतें, सिद्धता नव्हे. ती करण्यासाठीं रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांच्या सल्लागार समितीखालीं १९०५ मध्यें एक संशोधन-आयोग नेमण्यांत आला. लिस्टन त्यांत होतेच. त्यांच्या बरोबर जॉर्ज लॅम, पेट्री, रोलंड हे होते, आणि केशव पै यांच्यासारखे हिंदी डॉक्टरहि कामाला लागले. काम चाललें परळच्या आवारांत.

तेथें त्यांनीं लहान लहान कोठ्या बांधविल्या. कांहींवर देशी कौलें, कांहींवर मंगळुरी कौलें, कांहींवर लोखंडी पत्रे, अशीं निरनिराळीं छपरें घातलीं. आंत निरोगी आणि प्लेगग्रस्त गिनीपिग एकत्र ठेविले. पिसवा नसल्या, तर निरोगी जनावरें रोग्यांच्या अंगाशीं अंग लावून राहिलीं, त्यांच्या मलमूत्रानें विटाळलेलें अन्न खात राहिलीं, तरी त्यांच्यांत साथ पसरली नाहीं. पिसवा असल्या कीं पसरे, आणि पिसवा जितक्या अधिक तितकी ती वेगानें फैलावे. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला आणि दुसरा दोन फुटांवर. खालच्या पिंजऱ्यांतील जनावराला प्लेग झाला. वरचें सुखरूप राहिलें. हवा दोघांना एकच होती. फरक पिसवेच्या उडीचा होता. माकडांच्या पिंजऱ्याभोंवतीं सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, आणि तेवढ्यानें माकडें वांचलीं, कारण पिसवेची उडी तो पट्टा ओलांडण्याइतकी लांब जात नाहीं.

आणखी एका प्रयोगाचें फळ ऐकण्यासारखें आहे. शेणानें सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतु ओतून पाहिले, तर ४८ तासांनंतर ती जमीन रोग देईनाशी झाली. चुन्याच्या जमिनीवर हा काळ २४ तासांचाच निघाला. म्हणजे ज्या जमिनी कार्बोलिकनें धुवून काढण्यासाठीं लोकांचीं घरें उघडीं टाकलीं, भांडीं-कुंडीं रस्त्यावर आणलीं, बायका-मुलांचा पडदा मोडला, त्या जमिनींत रोग फारसा टिकतच नव्हता. तो छपरांतल्या उंदरावर आणि त्याच्या केसांतल्या पिसवेवर स्वार होऊन शेजारच्या घरीं गेलेला असे.

याच काळांत शहरभर उंदरांची गणती चालली होती. म्युनिसिपालिटीचे नोकर वाडीवाडींतून, गल्लीगल्लींतून मेलेले आणि पकडलेले उंदीर आणीत. प्रत्येकाला जागेची चिठ्ठी बांधलेली असे. त्यांची चिरफाड परळला होई. १९०५-०६ च्या मोसमांत असे एक लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. या मजुरांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत नाहींत; पण त्यांच्या टोपल्यांवांचून त्या मोसमाचा नकाशा झाला नसता. शींव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हांच्या चार गांवांतहि अशीच बारीक पाहणी झाली. ज्या परळ-दादरच्या रस्त्यांवरून आज माणसांचा पूर वाहतो, तेथें त्या वेळीं घरागणिक उंदीर मोजले जात होते.

या गणतींतून रोगाचें वेळापत्रकच हातीं आलें. आधीं गटारांत राहणाऱ्या करड्या उंदरांत साथ येते. सुमारें दहा दिवसांनीं ती घरांतल्या काळ्या उंदरांत शिरते. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसें पडूं लागतात. आरंभीं मी ज्या काळाच्या अंतराबद्दल बोललों, तें येथें दिवसांत मोजून मिळालें. चाळकऱ्यांचा 'उंदीर पडले, आतां निघा' हा नियम किती अचूक होता, हेंहि त्यानें दाखविलें. उंदीर पडल्यापासून माणूस पडेपर्यंतचे ते दहा-बारा दिवस हाच निसटण्याचा अवधि होता. दुसरें असें, कीं गांठीच्या प्लेगचा रोगी शेजाऱ्यांना सहसा धोकादायक नसतो. फुप्फुसाचा प्लेग मात्र श्वासावाटे पसरतो, तो प्रकार निराळा. पण मुंबईंतील बहुसंख्य रोगी गांठीचे होते. ज्या आईपासून मूल ओढून नेलें, ज्या नवऱ्यापासून बायको तोडली, त्यांच्यापासून बहुधा भय नव्हतें. भय त्यांच्या घराच्या आढ्यावर होतें.

सिमों यांचा शोध १८९८ चा. आयोगाचे अहवाल छापून येऊं लागले १९०६ पासून. मधलीं आठ वर्षें अविश्वासांत गेलीं. त्या वर्षांत देशांत किती माणसें दगावलीं याचा विचार केला म्हणजे शंका ही शास्त्राची शक्ति असली तरी तिची किंमत कोण भरतो, हा प्रश्न मनाला टोंचतो. मात्र एवढेंहि मान्य केलें पाहिजे, कीं मार्ग कळला म्हणून मरण थांबलें असें नाहीं. १९०७ या एका वर्षांत देशांत सुमारें १३ लक्ष माणसें प्लेगनें गेलीं. उंदीर मारणें सोपें नव्हतें, आणि उंदरांना राहतां येणार नाहीं अशीं घरें गरिबांना बांधून देणें त्याहून कठीण होतें. साथीच्या धक्क्यानें १८९८ मध्यें मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते झाले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेंत आंखीव वसाहती उठल्या. पण ज्यांच्या चाळी पाडल्या त्यांपैकीं पुष्कळांना त्या नव्या घरांचें भाडें परवडलें नाहीं. ते शेजारच्या जुन्या चाळींतच अधिक दाटीनें राहिले, आणि उंदीर त्यांच्या बरोबर.

लिस्टन पुढें परळच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९०६ पासून तिचें नांव बॉम्बे बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असें होतें; १९२५ मध्यें ती हाफकिन संस्था झाली. प्लेगचा विषय त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं. जहाजांच्या पोटांतले उंदीर आणि पिसवा एकाच वेळीं मराव्या म्हणून हायड्रोसायनिक ॲसिडच्या विषारी वायूचा सुरक्षित उपयोग कसा करावा, याचे त्यांनीं प्रयोग केले. बंदराच्या शहराला ही गोष्ट किती जरुरीची होती हें सांगावयास नको. १९२४ मध्यें लंडन येथें मिलरॉय व्याख्यानांत त्यांनीं प्लेगचाच विषय मांडला. एक कोडें मात्र त्यांच्या आयोगालाहि सुटलें नव्हतें: पिसू जंतु देते तरी कशी? त्याचें उत्तर बॅकट आणि मार्टिन यांनीं १९१४ मध्यें दिलें. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशीं जंतूंची गुठळी जमून वाट बुजते. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते, रक्त आंत जात नाहीं, आणि तें जंतूंसह जखमेंत परत येतें. म्हणजे जी पिसू रोग देते, ती स्वतः भुकेनें मरणाच्या वाटेला लागलेली असते.

पिसवेपाठोपाठ इतर चावऱ्या जिवांच्याहि साक्षी निघूं लागल्या. जे पुढें परळच्या संस्थेचे संचालक झाले, त्या मॅकी यांनीं १९०७ मध्यें नाशिकच्या एका मिशनच्या वसतिस्थानांत पाहिलें, कीं उलटून येणारा ताप मुलांत फार आणि मुलींत कमी आहे. आणि उवाहि मुलांच्याच कपड्यांत फार आहेत. त्याच जातीचा ताप आफ्रिकेंत गोचिडीच्या चाव्यानें होतो, हें थोडेंच आधीं उमगलें होतें. तो अभ्यास करतां करतां डटन नांवाचा तरुण इंग्रज डॉक्टर १९०५ मध्यें कांगोंत मृत्यु पावला.

गोचिडीची गोष्ट आपल्या काळांत एका अनपेक्षित वळणाला लागली आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या परिसरांत डॉ. शेरिल व्हॅन न्यूनन यांच्याकडे असे रोगी येऊं लागले, कीं ज्यांना जन्मभर मांस पचलें, पण एकाएकीं त्याचें वावडें उत्पन्न झालें. विचारपूस करतां बहुतेकांना पूर्वीं गोचीड चावल्याचें निघालें; हें त्यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केलें. इकडे अमेरिकेंत व्हर्जिनिया येथें, ज्यांचें आयुष्य वावड्यांच्या अभ्यासांत गेलें ते डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स वेगळ्याच दिशेनें तेथेंच पोंचत होते. कर्करोगावरचें एक औषध टोंचतांच कांहीं रोग्यांना जिवावरचें वावडें होई. २००८ मध्यें त्यांच्या मंडळींनीं दाखविलें, कीं तें औषधांतल्या एका शर्करेमुळें होतें. ही शर्करा गाय, मेंढी, डुक्कर अशा प्राण्यांच्या मांसांत असते, माणसांत नसते. गोचीड चावतांना शरीर त्या शर्करेशीं वैर धरतें. मग पुढें केव्हां तरी मांस खाल्लें, कीं तीन ते सहा तासांनीं अंगावर पित्त उठतें, घसा सुजतो, क्वचित् प्राणावर बेततें. स्वतः प्लॅट्स-मिल्स यांनाच २००७ मध्यें रानांत फिरतांना गोचिडी चावल्या, आणि कांहीं महिन्यांनीं मेंढराचें मांस खाल्ल्यावर रात्रीं अंगभर पित्त उठलें. येथें तर अंतर दुहेरी आहे: चाव्यापासून वावड्यापर्यंत महिन्यांचें, आणि जेवणापासून त्रासापर्यंत तासांचें. परळच्या कोठ्यांत जो प्रश्न विचारला गेला, तोच हा प्रश्न, नव्या वेषांत आलेला.

आपल्या भूमींतहि तो पुन्हा उभा राहिला. १९५७ मध्यें म्हैसूर राज्यांतल्या शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूरच्या रानांत, माकडें मरूं लागलीं आणि मागोमाग लाकूडफांट्यासाठीं रानांत जाणारीं माणसें तापानें पडूं लागलीं. मध्यस्थ होती गोचीड. २०१६ मध्यें हा माकडताप सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला आढळला. माकडें पडलीं, मग माणसें पडलीं. फक्त उंदराच्या जागीं माकड आलें आणि पिसवेच्या जागीं गोचीड. बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं १९९४ च्या ऑगस्टांत तर जुनेंच नाटक जुन्याच पात्रांनिशीं झालें: प्रथम उंदीर पडल्याचें गांवकऱ्यांनीं पाहिलें, मग पिसवा फार झाल्याची तक्रार केली, आणि मग गांठीचे रोगी दिसूं लागले. आतां प्लेगवर औषधें आहेत; वेळेवर मिळालीं तर रोगी बहुधा बरा होतो. पण 'वेळेवर' हा शब्द अजूनहि त्या पहिल्या तक्रारीकडे कोण लक्ष देतो यावरच अवलंबून आहे.

लिस्टन यांचें मोठेपण मला येथें वाटतें. त्यांच्या आधीं चाळींत गेलेले पुष्कळ अधिकारी लपविलेला रोगी शोधावयास गेले होते. लिस्टन गेले, त्यांनीं उंदीर कोणत्या तारखेला मेले, पिसवा केव्हां वाढल्या, तुम्ही निजलां कोठें, हें विचारलें आणि तें लिहून घेतलें. ज्या माणसांकडे सरकार आरोपी म्हणून पाहात होतें, त्यांना त्यांनीं साक्षीदार केलें. सूक्ष्मदर्शक त्यानंतर कामास आला. आजहि एखाद्या गांवांतून, एखाद्या वस्तींतून कोणी सांगत येतें, कीं जनावरें मरत आहेत, किडे फार चावत आहेत, अमुक खाल्लें कीं अंगावर पित्त उठतें. तें बोलणें घरगुती शब्दांत असतें, कधीं त्यांतला कार्यकारणभाव चुकलेलाहि असतो. तरी त्यांतली तारीख बहुधा खरी असते. तिची नोंद करणारा माणूस तेथें हजर असला, तर पुढचे दहा-बारा दिवस आपल्या हातीं येतात. आणि परळच्या त्या कोठ्यांनीं आपल्याला शिकविलें तें एवढेंच, कीं तेवढ्या दिवसांत पुष्कळ जीव वांचवितां येतात.